डॉ. रॉबिन लॉरेन्स : ताट आणि इन्सुलिन यांचा मेळ घालणारा डॉक्टर

टाइप १ मधुमेहाचे निदान झालेल्या मुलाचे आई-बाबा दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. हे इंजेक्शन आयुष्यभर घ्यावे लागणार का? आणि आता याने खायचे तरी काय? रुग्ण तरुण मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिसरा प्रश्न थोड्या वेळाने, हळू आवाजात येतो. नोकरी, लग्न, मुलेबाळे यांचे काय?

या तिन्ही प्रश्नांना सामोरे गेलेल्या एका डॉक्टरांची ओळख आज करून घेऊ. त्यांचे नाव रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. जवळचे लोक त्यांना रॉबिन म्हणत. ते स्वतः मधुमेहाचे रुग्ण होते. इन्सुलिन मिळाले नसते तर वयाच्या तिशीतच त्यांचा मृत्यू झाला असता. इन्सुलिन मिळाले आणि ते त्यानंतर ४५ वर्षे जगले. जेवणातील कर्बोदके मोजायची आणि त्यांच्याशी इन्सुलिनचा डोस जुळवायचा, हा हिशोब सामान्य रुग्णाला घरच्या घरी जमेल इतका सोपा करण्याचे मोठे काम त्यांनी केले. तुमच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी तुम्हाला कर्बोदके मोजायला सांगितले असेल, तर त्यामागची कल्पना या गोष्टीतून नीट समजेल.

अॅबर्डीन ते लंडन

लॉरेन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२ रोजी स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे झाला. वडिलांचा ब्रश तयार करण्याचा कारखाना होता. रॉबिन यांनी आधी भाषांचे शिक्षण घेतले, मग लंडनला नातेवाइकांच्या कापड दुकानात काम करून पाहिले. तिथे मन रमले नाही. काही आठवड्यांतच ते परत आले आणि वैद्यकीय शिक्षणाला लागले. १९१६ मध्ये ते उत्तम गुणांनी डॉक्टर झाले. पहिले महायुद्ध चालू होते. सैन्याच्या वैद्यकीय दलातून ते भारताच्या सरहद्दीवर आले. १९१९ मध्ये आमांशाच्या आजारामुळे त्यांना मायदेशी परत पाठवण्यात आले.

पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते कान-नाक-घसा विभागात सर्जन म्हणून काम करू लागले. कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव ते मृतदेहावर करत असताना हाडाचा एक कण उडून उजव्या डोळ्यात गेला. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला, रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथे तपासण्या करताना लघवीत साखर सापडली. हे १९२० साल. त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली, सर्जन होण्याचा मार्ग बंद झाला आणि सोबत मधुमेहाचे निदान हाती आले.

इन्सुलिन नव्हते तेव्हा

त्या काळी या निदानाचा अर्थ काय होता, हे समजून घ्या. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड ही ग्रंथी असते. तिच्यातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. अन्नातून रक्तात आलेली साखर पेशींमध्ये पोचवण्यासाठी इन्सुलिन लागते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. रक्तात साखर भरपूर असते, पण शरीर उपाशी राहते. मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात साठतात आणि रुग्ण बेशुद्ध होऊन दगावतो.

१९२० मध्ये यावर एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक अॅलन यांनी ही पद्धत रूढ केली होती. भाज्या दोन-तीन वेळा उकळून, पाणी फेकून, त्यांतील कर्बोदके काढून टाकत आणि मग त्या रुग्णाला देत. साखर थोडी आटोक्यात राही, पण माणूस हाडांचा सापळा होई. हा उपचार बरे करण्यासाठी नव्हता. आणखी काही महिने, फार तर एक-दोन वर्षे मिळवण्यासाठी होता.

डॉ. लॉरेन्स यांनाही असाच कडक आहार पाळावा लागला. तरीही ते रुग्णालयाच्या रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. हॅरिसन यांच्या हाताखाली काम करत राहिले आणि एमडीचा प्रबंधही त्यांनी पूर्ण केला. आपण फार जगणार नाही, हे डॉक्टर असल्याने त्यांना स्वच्छ दिसत होते. घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरण नको, म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स शहरात गेले आणि तिथे राहणाऱ्या इंग्रजी लोकांना औषधपाणी करू लागले. १९२२-२३ च्या हिवाळ्यात त्यांना श्वासनलिकेचा जंतुसंसर्ग झाला. त्यानंतर प्रकृती झपाट्याने ढासळली. पायांच्या नसा कमजोर झाल्या, चालणे कठीण झाले.

एक तार आणि एक प्रवास

इकडे कॅनडातील टोरोंटो येथे १९२१ मध्ये डॉ. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले होते. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आले. १९२३ मध्ये ते ब्रिटनमध्ये मिळू लागले. मे महिन्यात डॉ. हॅरिसन यांनी लॉरेन्स यांना तार पाठवून कळवले की इन्सुलिन हाती आले आहे, ते लागू पडते आहे, तातडीने निघून यावे.

अंगात ताकद नव्हती, पाय साथ देत नव्हते. तरीही लॉरेन्स मोटार चालवत युरोप ओलांडून २८ मे १९२३ रोजी लंडनच्या रुग्णालयात पोचले. काही तपासण्या झाल्या आणि ३१ मे रोजी त्यांना इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. तेव्हा ते ३० वर्षांचे होते.

‘इंजेक्शन कायमचे का?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी. ३१ मेच्या आधीही लॉरेन्स पथ्य पाळतच होते. त्यांच्याइतके कडक पथ्य आज कोणी पाळणार नाही. तरीही ते मरणाच्या दारात होते, कारण शरीरात इन्सुलिनच नव्हते. टाइप १ मधुमेहात पथ्य, काढे, चूर्ण, योगासने यांपैकी काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. कोणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन बंद करू नका.

काळ्या आणि लाल रेघांचा आहार

इन्सुलिन मिळाले, पण त्याबरोबर नवा प्रश्न आला. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जेवण पाहून इन्सुलिन सोडते. पोळी एक खाल्ली की तीन, हे त्याला आपोआप कळते. टोचलेल्या इन्सुलिनला मात्र तुम्ही काय खाल्ले हे कळत नाही. ते आपले काम करतच राहते. जेवण कमी पडले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. जेवण जास्त झाले तर चढते. म्हणून स्वादुपिंडाने करायचा हिशोब आता माणसाला करावा लागतो.

तेव्हा घरी रक्तातील साखर तपासायचे यंत्र नव्हते. लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी झाला तर साखर वाढत गेलेली. काचेची सिरिंज आणि सुई उकळून पुन्हा पुन्हा वापरायची. अशा परिस्थितीत गिरणी कामगाराला किंवा शाळकरी मुलीला आहाराची किचकट कोष्टके देऊन काय उपयोग?

डॉ. लॉरेन्स यांनी यावर सोपी तोड काढली. अन्नपदार्थांचे त्यांनी दोन गट केले. ब्रेड, बटाटा, दूध, फळे असे कर्बोदकांचे पदार्थ काळ्या गटात. अंडी, मांस, चीज असे प्रथिने व स्निग्धांचे पदार्थ लाल गटात. काळ्या गटाच्या एका भागात १० ग्रॅम कर्बोदके. एक काळा आणि एक लाल भाग मिळून आहाराची एक ‘रेघ’. डॉक्टर रुग्णाला सांगत, सकाळी इतक्या रेघा, दुपारी इतक्या, रात्री इतक्या आणि त्याला जोडून इन्सुलिन इतके युनिट. काळ्या गटात २० ग्रॅम ब्रेड खा किंवा पेलाभर दूध प्या, कर्बोदके सारखीच. म्हणजे पदार्थ बदलायची मोकळीक, पण कर्बोदकांचे माप तेच.

आज हे साधे वाटते. पण उकडलेल्या भाज्यांवर जगवलेल्या माणसाला पुन्हा ब्रेड आणि बटाटा खाता येणार होता, तोही न घाबरता, मोजून. १९२५ मध्ये त्यांनी ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक लिहिले आणि १९२९ मध्ये रुग्ण व परिचारिकांसाठी ‘द डायबेटिक एबीसी’. दोन्ही पुस्तकांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

तोच हिशोब आपल्या ताटात

आज टाइप १ मधुमेहात इन्सुलिन देण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे दिसतात. तुम्ही कोणत्या पद्धतीवर आहात, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

पद्धत १ : ठरावीक डोस, ठरावीक कर्बोदके. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी ही पद्धत. यात डोस जेवणागणिक बदलता येत नाही. म्हणून रोज त्या त्या वेळी कर्बोदकांचे माप सारखे ठेवायचे आणि जेवणाच्या वेळा पाळायच्या. ही जवळजवळ लॉरेन्स यांचीच पद्धत आहे. पोळीऐवजी भाकरी, भाताऐवजी पोहे चालतील, पण तेवढ्याच मापात.

पद्धत २ : जेवणाप्रमाणे डोस. दिवसातून एकदा दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी लवकर काम करणारे इन्सुलिन. यात आधी ताटातील कर्बोदके मोजायची आणि मग डोस ठरवायचा.

आपल्या पदार्थांतील कर्बोदकांचे अंदाज असे आहेत:

- २५ ग्रॅम कणकेची एक पोळी : १७ ग्रॅम
- ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी : ३४ ग्रॅम
- शिजलेला भात, १०० ग्रॅम (साधारण एक वाटी) : २८ ग्रॅम
- मध्यम घट्ट वरण, एक वाटी : १० ग्रॅम
- दूध, २०० मिली, साखर न घालता : १० ग्रॅम
- कोरडे पोहे, ४० ग्रॅम : ३० ग्रॅम
- कोरडा साबुदाणा, ५० ग्रॅम : ४३ ग्रॅम
- साखर, एक सपाट चमचा : ५ ग्रॅम

साबुदाण्याचा आकडा मुद्दाम पाहा. उपवासाच्या दिवशी ‘काही खाल्लेच नाही’ म्हणणाऱ्याच्या पोटात अडीच पोळ्यांइतकी कर्बोदके गेलेली असतात. टाइप १ मधुमेहात उपवास करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या.

आता एक उदाहरण. दुपारच्या ताटात दोन पोळ्या (३४ ग्रॅम), एक वाटी भात (२८ ग्रॅम), एक वाटी वरण (१० ग्रॅम) आणि पालेभाजी (सुमारे ३ ग्रॅम) आहे. एकूण ७५ ग्रॅम. समजा, डॉक्टरांनी १५ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट असे प्रमाण दिले आहे. ७५ ला १५ ने भागले की ५ युनिट. जेवणाआधी साखर २२० आहे, ध्येय १२० आहे आणि तुमच्या बाबतीत १ युनिटने साखर सुमारे ५० ने उतरते. जास्तीची १०० साखर उतरवायला २ युनिट. एकूण ७ युनिट. भात घेतलाच नाही तर कर्बोदके ४७ ग्रॅमवर येतात आणि जेवणाचा डोस ५ ऐवजी सुमारे ३ युनिट होतो.

हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असते. एकाच माणसाचेही सकाळचे आणि रात्रीचे प्रमाण वेगळे असू शकते. तुमचे प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील. वाढलेली साखर उतरवायला घेतलेल्या जादा डोसनंतर तीन-चार तासांच्या आत पुन्हा तसाच डोस घेऊ नका. आधीचे इन्सुलिन अजून काम करत असते.

आणखी एक सूचना. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन शक्तीच्या इन्सुलिनच्या बाटल्या मिळतात. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. सिरिंज चुकली तर सगळा हिशोब बरोबर असूनही डोस अडीचपट चुकतो.

ताटाबाहेरचा हिशोब

डॉ. लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. इन्सुलिन घेतलेल्या रुग्णाने व्यायाम केला, तर तेवढेच इन्सुलिन साखर जास्त खाली आणते. म्हणजे ताटातली कर्बोदके बरोबर मोजली तरी मुलगा दुपारी दोन तास कबड्डी खेळला की हिशोब बदलतो. खेळाआधी साखर तपासा. डोस कमी करायचा की थोडे खायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. शाळेच्या वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांनाही कल्पना द्या.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ अशी लक्षणे दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा; अजून कमी असेल तर पुन्हा द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, कारण त्यातील स्निग्धांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा, घरात ग्लुकॅगॉन असेल तर शिकवल्याप्रमाणे द्या आणि १०८ वर फोन करा.

तापात, उलट्यांमध्ये जेवण जात नाही म्हणून अनेक घरांत इन्सुलिन बंद केले जाते. असे करू नका. आजारपणात साखर उलट वाढते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी दिसली तर थेट रुग्णालय गाठा.

रुग्णांची संघटना

डॉ. लॉरेन्स यांनी किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील मधुमेह विभाग नावारूपाला आणला. त्यांच्या रुग्णांत प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स होते. दोघांनी मिळून १९३४ मध्ये मधुमेहींची संघटना सुरू केली. डॉक्टर आणि रुग्ण तिथे एकत्र बसत. आज ती ‘डायबेटिस यूके’ या नावाने काम करते. पुढे १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ उभा राहिला आणि त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. लॉरेन्स झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच, की हा हिशोब एकट्याने करत बसू नका. तुमच्या शहरात टाइप १ मुलांच्या पालकांचा गट असेल, तर त्यात सामील व्हा. आठवीतल्या मुलीची आई जे सांगेल, ते कधी कधी आम्हा डॉक्टरांनाही सुचत नाही.

आता तो हळू आवाजातला तिसरा प्रश्न. पहिल्या इंजेक्शननंतर पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. लॉरेन्स यांचे लग्न झाले. त्यांना तीन मुलगे झाले. रुग्णालय, पुस्तके, संघटना असे भरपूर काम त्यांनी केले. १९५८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तरी उमेद टिकून होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळी घरी ग्लुकोमीटर नव्हता, इन्सुलिन पेन नव्हते, आजची नवी इन्सुलिनही नव्हती. तुमच्या मुलाकडे यांतले बरेच काही आहे. नियमित तपासणी आणि नीट जुळवलेले डोस यांमुळे डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे नुकसान कमी होते, हे १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १४४१ टाइप १ रुग्णांच्या अभ्यासाने स्पष्ट दाखवले. त्याच अभ्यासात साखर फार उतरण्याचे प्रसंगही वाढलेले दिसले, म्हणून हिशोब शिकून घेऊन मगच डोस बदलायचा.

या आठवड्यात काय कराल?

- स्वयंपाकघरासाठी छोटा वजनकाटा आणा. आपल्या घरची पोळी, भाकरी आणि वाटीभर भात एकदा वजन करून पाहा.
- तीन दिवस वही ठेवा. जेवणाआधीची साखर, ताटातील कर्बोदके, इन्सुलिनचे युनिट, दोन तासांनंतरची साखर आणि खेळ किंवा चालणे, अशा पाच रकान्यांत नोंद करा.
- ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा: माझी पद्धत कोणती, माझे प्रमाण किती, साखर किती असावी?
- तोपर्यंत सध्याचा डोस स्वतःहून बदलू नका.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. ती तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही.